सगळ्या_वस्त्या

एफ१९

वासुदेवराव ताजण्यांना अख्खं सावरटोला पाठ होतं, पण नावांनी नाही. एफ१९ म्हणजे पाण्याच्या टाकीचे पंप. एफ७ म्हणजे दवाखाना. एफ२४ म्हणजे भाजीबाजार आणि त्याच्या मागचं शीतघर. सकाळी चहाची बशी ओठाला लावता लावता ते सुनेला म्हणायचे, "काल एफ१२ नं भलतंच ओढलं वं," आणि प्रांजलीला समजायचं, की तेलीपुऱ्यात कुणाच्या तरी दारी लग्नाचा मांडव पडला होता.

हे पत्ते एका शीटमधले, आणि शीट वासुदेवरावांची. उभे रकाने अक्षरांचे, आडव्या ओळी आकड्यांच्या. रकाना आणि ओळ जिथे एकमेकांना छेदतात तो सेल. एफ रकान्यात प्रत्येक वस्तीला (पंप, दवाखाना, बाजारही शीटच्या लेखी वस्त्याच) दुपारची किती वीज लागते ते लिहिलेलं. ती बघून सूत्र वाटे पाडायचं.

वाटे पाडायची वेळ उन्हाळ्यानं आणली होती. बाहेरून येणारी लाइन वैशाखातल्या दुपारी बंद पडणार हे आता सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. अर्ध्या राज्याचे कूलर एकदम फिरायला लागले की तिचा जीव जायचा. मग सावरटोल्याच्या वीज सोसायटीनं नदीकाठची बंद राइस मिल घेतली, तिच्यात मिठाच्या बॅटऱ्या थप्पीनं रचल्या आणि त्यांतली वीज संध्याकाळपर्यंत कशी पुरवायची ते काम वासुदेवरावांच्या शीटवर सोपवलं. कित्येक उन्हाळे शीट गाव चालवत होती, आणि वासुदेवराव शीट चालवत होते.

प्रांजली त्याच सोसायटीत इंजिनिअर. नवरा समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला, महिनोन्‌महिने तिकडेच. घरात सासरा आणि सून दोघंच. बोलणं बहुतेक विजेचं, आणि भांडण झालं तर तेही विजेचंच.

यंदा गावात मुकादम आला, आणि भांडण झालं.

एफ५:एफ३१

मुकादम हे गावानं ठेवलेलं नाव. बनवणाऱ्यांनी काहीतरी आठ अक्षरी ठेवलं होतं, ते कुणाच्या जिभेवर बसलं नाही. मिलच्या भिंतीला टेकून उभी कपाटाएवढी पेटी, तिला एक पडदा आणि एक आवाज. जुनी पेटी शीटमध्ये लिहिलेलं मुकाट पाळायची. मुकादम आधी शीट वाचायचा, मग मान वर करून बाहेर बघितल्यासारखं गावाकडं बघायचा.

म्हणजे असं, की =बेरीज(एफ५:एफ३१) एवढं लिहिलं तर यंत्राला फक्त जागा कळते. या सेलपासून त्या सेलपर्यंतचा पट्टा. तिथं वस्त्या लिहिल्यात की वांगी, त्याला काही देणंघेणं नाही. असा पत्ता खोटा ठरूच शकत नाही. एफ५ ही एफ५ असतेच. पण त्याच पट्ट्याला नाव दिलं, आणि सूत्रात पत्त्याच्या जागी ते नाव लिहिलं, की गोष्ट बदलते. नावात काहीतरी म्हटलेलं असतं, आणि म्हटलेलं खरं निघतं किंवा खोटं. मुकादमला भाषा समजत होती. तो नाव वाचायचा, मग ट्रान्सफॉर्मरवरची मापं, घरोघरचे मीटर, उपग्रहानं टिपलेली छपरांची उष्णता असं सगळं धुंडाळायचा, आणि नावात म्हटलंय तसं जगात आहे का ते सांगायचा. हिशेब करणारी यंत्रं जुनीच होती. नाव तपासणारं हे पहिलं.

त्यामुळे नावं दिल्याशिवाय तो कामाला हात लावत नव्हता, आणि नावं द्यायचं काम प्रांजलीकडं आलं.

वासुदेवरावांनी हे ऐकलं त्या दिवशी भाजीत मीठ कमी असल्याचं त्यांना तीनदा आठवलं. शेवटी हात धुता धुता म्हणाले, "म्हणजे आता माझ्या कामाले नावं ठेवाले बसणार तू."

प्रांजली हसली, तर ते आणखी रुसले. मग त्यांच्याशिवाय तिचं अडायला लागलं. कंटाळून तिनं एका पट्ट्याला 'पट्टा_१' असं नाव दिलं. (नावात मोकळी जागा चालत नाही, म्हणून शब्दांमध्ये खालून रेघ.) मुकादमनं शांतपणे विचारलं, पट्टा म्हणजे जमिनीचा, कमरेचा की कुत्र्याच्या गळ्यातला. पलीकडच्या खोलीत वासुदेवराव खोकल्यासारखं हसले. थोड्या वेळानं खुर्ची ओढत आले आणि शेजारी बसले.

मग भराभर झालं. ते सांगायचे, ती लिहायची. पाण्याचे_पंप. दवाखाना. शिल्लक_वीज. जे त्यांच्या डोक्यात इतकी वर्षं पत्त्यांच्या मागं बसलं होतं ते एकेक करत पडद्यावर आलं. मोठा पट्टा उरला, एफ५ ते एफ३१.

"याले सगळ्या_वस्त्या लिही," ते म्हणाले. "सगळ्या म्हणजे सगळ्या. म्या एकबी सोडली नाही."

तिनं लिहिलं. मुकादमनं मीटर आणि छपरं धुंडाळली.

"नाव: सगळ्या_वस्त्या. जग: एक वस्ती जास्त. जुळत नाही."

एफ३२

सापडायला वेळ लागला नाही, कारण ती लपलेलीच नव्हती. एफ३२, नवेझरी.

कोळशाच्या खाणीनं उठवलेलं गाव, सरकारनं आणून नदीपल्याड वसवलं. वासुदेवरावांनीच ते शीटमध्ये घेतलं होतं. पण सोसायटीत रीत अशी, की जो शेवटी आला त्याचं नाव शेवटी. जुन्या वस्त्यांचा मान मोठा नाजूक. सभेत खुर्च्या मांडतानासुद्धा कोण कुणाच्या आधी यावरून अबोला धरणारी माणसं. नवेझरी मधे कुठं घुसवली असती तर बोंब झाली असती. म्हणून त्यांनी ती सगळ्यात खाली लिहिली.

मधे घुसवली असती तर सूत्राचा पट्टा आपोआप ताणला गेला असता; शीटचा स्वभावच तसा. शेवटच्या ओळीच्या खाली लिहिलं, की ते पट्ट्याच्या बाहेर पडतं. पडद्यावर दिसतं सगळ्यांसारखंच, तीच चौकट, तीच अक्षरं. पण सूत्र एफ३१ ला थांबतं. एरवी लाइन चालू असताना कुणाला काही कळायचं नाही. टंचाईच्या दुपारी मात्र वाटे एफ३१ पर्यंत पडायचे, आणि नवेझरीला मिळायचं ते त्यातून सांडलेलं.

नवेझरीच्या गारखोलीची व्यवस्था छबिता मडावी बघायच्या. गारखोली म्हणजे जाड भिंतींची, कूलर लावलेली मोठी खोली. लू, म्हणजे गरम झळ, सुटली की गावातली म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं दुपारभर तिथं. दर उन्हाळ्यात छबिताताई मिलमध्ये तक्रार घेऊन यायच्या. वासुदेवराव त्यांना खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे, पडदा त्यांच्याकडं फिरवून ओळ दाखवायचे. तुमचं गाव लिहिलेलं आहे, बाई. लाइनवर बांबू पडत असंल. छबिताताई ओळ बघायच्या, मान हलवायच्या, परत जायच्या. गेल्या वैशाखात त्या खोलीतून दोघा म्हाताऱ्यांना खाटेवर घालून दवाखान्यात आणावं लागलं. एक घरी परतला.

वासुदेवरावांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घातलाच नाही.

"रंगबी म्याच देल्ला होता त्या ओळीले," ते म्हणाले. "हिरवा. उठून दिसावी म्हणून."

 पट्ट्याचं टोक धरून प्रांजलीनं एक ओळ खाली ओढलं. एवढंच करायचं होतं. मुकादम म्हणाला, "जुळतं."

दुसऱ्या दिवशी दुपारभर लाइन बंद राहणार असल्याची सूचना तोवर येऊन पडली होती. हवामानखात्याचा नकाशा जांभळा झाला होता. लाल रंग त्यांना पुरेनासा झाला होता. सांगायचं ते आजच सांगायला हवं होतं, तेव्हा सासरा-सून भर उन्हात नदी ओलांडून गेले.

नवेझरीत विड्यांच्या तेंदूपत्त्याचा हंगाम, पुडे बांधून झाल्याचं जेवण होतं. मांडवात पळसाच्या पानांची पंगत. ओळीच्या टोकाला एक पान रिकामं दिसलं म्हणून प्रांजली तिथं बसायला गेली, तर छबिताताईंनी तिचं मनगट धरलं.

"तिथं नाही जी. ते येणाऱ्याचं. तुम्ही त्याच्या अलीकडं बसा."

लोक थोडे थोडे सरकले. अलीकडं दोन नवी पानं मांडली गेली. टोकाचं पान रिकामं ते रिकामंच. मग आणखी एक माणूस आला, तोही त्याच्या अलीकडं बसला. वासुदेवरावांचा भाताचा घास हातातच राहिला. ते त्या पानाकडं बघत होते.

झालेली चूक त्यांनी स्वतः सांगितली, शीट, पट्टा, एफ३१, सगळं. छबिताताईंनी मधे एकदाही तोडलं नाही. वाढायचं भांडं खाली ठेवलं, हात पदराला पुसले.

"म्हणजे आम्ही दिसत होतो," त्या म्हणाल्या, "पण मोजलेले नव्हतो."

वासुदेवरावांनी मान खाली घातली.

"अन् उद्या?"

"उद्या मोजलेले आहात," प्रांजली म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिच्या लक्षात आलं, की ही गोष्ट आता आपल्याला पाळावी लागणार आहे.

नवेझरी_सोडून

सकाळी अध्यक्ष प्रमोद गहाणे मिलमध्ये आले. शीतघर त्यांचं, बाजारातली निम्मी दुकानं त्यांच्या भाऊबंदांची. माणूस वाईट नव्हता. लग्नात सगळ्यांना स्वतः आग्रह करून वाढणारा. त्यांनी वाट्यांचे नवे आकडे बघितले आणि कपाळ दाबलं. नवेझरी आत आल्यामुळं प्रत्येकाचा वाटा घटला होता. आजच्या दिवसापुरता पट्टा एफ३१ वर न्या, असं त्यांचं म्हणणं. इतकी वर्षं चाललं, एक दुपार आणखी चालेल, सभेत मग रीतसर बघू.

प्रांजलीनं वाद घातला नाही. पट्टा वर ओढला.

"नाव: सगळ्या_वस्त्या. जग: एक वस्ती जास्त. जुळत नाही. वस्ती घ्या किंवा नाव बदला."

मुकादमला बंद करा, गहाणे म्हणाले. पण जुनी पेटी भंगारात गेली होती, आणि ती काढायचा ठराव त्यांच्याच सहीचा होता.

तेव्हा प्रांजलीनं नाव बदललं.  नोकरीचा विचार मनात आलाच नाही असं नव्हतं. पडद्यावर सूत्र उमटलं:

=वाटे(शिल्लक_वीज, नवेझरी_सोडून_बाकीच्या_वस्त्या)

"जुळतं," मुकादम म्हणाला. अगदी त्याच सुरात.

"साहेब, त्याची काही हरकत नाही," प्रांजली म्हणाली. "त्याला फक्त नाव खरं लागतं. तुम्ही सही केली की चालू होईल."

चालू असलेलं सूत्र अध्यक्षांच्या सहीनिशी चौकातल्या फलकावर लावायचं, हा सोसायटीचा जुना नियम. इतकी वर्षं फलकावर एफ५:एफ३१ झळकत होतं. त्याच्याखाली लोक पानटपरीवर उभे राहायचे, कुणी वर बघायचं नाही.

गहाण्यांनी सूत्र वाचलं. पुन्हा वाचलं. खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं.

"हे असं कसं लिहायचं चौकात?" ते म्हणाले. आवाज खाली आला होता.

"आजवर हेच लिहिलेलं होतं, साहेब," वासुदेवराव कोपऱ्यातून म्हणाले. "आपण फक्त त्याले एफ५ ते एफ३१ म्हणत होतो."

 मग गहाण्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि ते नाव पुसायला सांगितलं. सगळ्या_वस्त्या पुन्हा आल्या, नवेझरीसकट, आणि त्याखाली त्यांनी सही केली. जाताना एवढंच म्हणाले, की शीतघरातली मिरची सुकली तर ताजण्यांच्या घरी पोहोचवतो, चटणी करा.

तेंदूची_शाळा

(ही ओळ शेवटच्या ओळीच्या वर घातली आहे.)

लाइन गेली, आणि सावरटोला एकदम चूप झालं. मग पंखे पुन्हा फिरले, सावकाश. मुकादमनं वाटे पाडले होते. छबिताताईंचा फोन आला, की गारखोलीतला कूलर चालू आहे, पाणी टपटपतंय, म्हातारे भांडतायत, म्हणजे सगळं ठीक आहे. प्रांजलीनं पहिल्यांदा पाठ टेकली.

टेकली तोच पुन्हा फोन. जंगलातून ट्रॅक्टर आले होते. परजिल्ह्यातले तेंदूपत्ता तोडणारे, बायका-पोरांसकट. त्यांच्या फडावरचं, म्हणजे पानं जमा करायच्या जागेवरचं, पाणी आटलं होतं, काही जणांना चालवत नव्हतं. गारखोली ठासून भरलेली. नवेझरीच्या लोकांनी त्यांना शेजारच्या बंद पडलेल्या शाळेत नेलं होतं. शाळेत पंखे होते, जुने कूलर होते, ट्रान्सफॉर्मरही होता. वीज नव्हती. शाळा बंद झाली तेव्हा तिची ओळ शीटमधून काढून टाकली होती.

प्रांजलीनं स्कूटर काढली. खटका तिथं जाऊन हातानं ओढावा लागणार होता, आणि ओळ इथं लिहावी लागणार होती. इथं वासुदेवराव एकटे.

शाळेच्या व्हरांड्यात माणसं भिंतीला टेकून बसली होती, काही आडवी. एका बाईच्या मांडीवर पोर निपचित पडलेलं. ती ओल्या पदरानं त्याला वारा घालत होती, आणि पदर वाळत चालला होता. खटक्याच्या डब्याला हात लावताच चटका बसला. प्रांजलीनं ओढणी गुंडाळून तो उघडला. फोन कानाशी.

"बाबा, ओळ वाढवा. शाळा."

पलीकडं काही नाही. टाइप केल्याचा आवाजही नाही.  बत्तीस उन्हाळ्यांची त्यांच्या हाताची सवय तिला ठाऊक होती. हात आपोआप सगळ्यात खाली जाणार. खाली लिहिलं की शाळा दिसणार, पण मोजली जाणार नाही. मुकादम अडवणार, मग पट्टा ओढा, पुन्हा तपासा. पोराचे ओठ पांढरे पडत चालले होते.

"बाबा, कुठं लिहून राहिले तुम्ही?"

"तू खटका ओढ वं," वासुदेवराव म्हणाले. "जागा म्या काल रात्रीच धरून ठेवली."

फोनमधून मुकादमचा आवाज आला.

"नाव: सगळ्या_वस्त्या. जग: सगळ्या वस्त्या. जुळतं."

तिनं खटका ओढला.

आधी धूळ पडली. पंख्यांच्या पात्यांवरची सगळी साठलेली धूळ, चुन्याचे पोपडे, एक चिमणीचं जुनं घरटं. मग वारा आला. कूलरनं घसा खाकरला, पाणी ओढलं आणि ओल्या वाळ्याचा वास सुटला. व्हरांड्यातली माणसं एकमेकांना उचलत आत आली. बाई पोराला घेऊन कूलरच्या तोंडाशीच जाऊन बसली. छबिताताई मिठाचं पाणी चमच्यानं पाजत होत्या. चार चमचे गेले असतील, पोरानं पाचवा थुंकला आणि रडायला लागलं, चांगलं मोठ्यानं, सगळी शाळा भरून. छबिताताई हसल्या. ती बाईही हसली. प्रांजली दाराला टेकून उभी होती. तिला आपण हसतोय की रडतोय हे नीटसं कळत नव्हतं, आणि कळून घ्यायची घाईही नव्हती.

त्या क्षणी सावरटोल्यातला प्रत्येक पंखा किंचित हळू झाला. थांबला एकही नाही.

थोड्या वेळानं गहाण्यांनी मिलमध्ये फोन करून सांगितलं, की शीतघराचा अर्धा भाग आपण बंद करतोय, ती वीज तिकडं वळवा. पुढच्या सभेत त्यांनी भाषण केलं. 'आपण ठरवलं', 'आपण करून दाखवलं' असं इतक्यांदा म्हणाले, की छबिताताईंनी दुसऱ्या रांगेतून टाळ्या वाजवल्या आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. ती शेजारीण शेवटपर्यंत तोंडाला पदर लावून बसली होती.

येणारा

लाइन परतली तेव्हा उन्हं उतरली होती. प्रांजली मिलमध्ये आली. वासुदेवराव पडद्यासमोर तसेच बसलेले, शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, चेहऱ्यावर मात्र वरातीतून आल्यासारखं काहीतरी.

"तेलीपुऱ्यानं आज समजून घेतलं वं," ते म्हणाले. "दुपारी कुणी कूलर वाढवला नाही. बाजारानंबी नाही."

तेलीपुरा. बाजार. प्रांजलीनं ऐकलं.  बोलली असती तर ते लाजले असते, आणि पुन्हा भाजीतल्या मिठावर आले असते.

तिनं शीट बघितली. नवेझरी. त्याखाली तेंदूची_शाळा. त्याखाली आणखी एक ओळ होती. तिच्यात आकडा नव्हता, काहीच नव्हतं, पण पट्टा तिच्यापर्यंत पोचत होता. आता कुणीही आलं, की त्या ओळीच्या वर बसणार, बाकीचे थोडे सरकणार, पट्टा आपोआप ताणला जाणार. आणि टोकाची ओळ रिकामी ती रिकामी. तिला वासुदेवरावांनी नाव दिलं होतं: येणारा.

"बाबा, हिला मुकादमनं कसं काय सोडलं?" तिनं विचारलं. "आत तर काहीच नाही."

"त्यालेच इचार."

तिनं ओळीवर बोट ठेवलं. मुकादमनं मीटर बघितले असावेत, छपरं बघितली असावीत, जंगलातून येणारा रस्ताही बघितला असावा.

"नाव: येणारा," तो म्हणाला. "जग: अजून कोणी नाही. जुळतं."